ट्रॅक्टरमध्ये बसावं का?

सलाम भाऊ,

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तालुक्याच्या जिनिंगमधल्या हमालांनी आणि रेच्यावरच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रावरच्या, बायांनी ऐन हंगामात काम बंद केलं. मालकाचा ट्रॅक्टर रोज सकाळी तुमच्या वस्तीवर माणसं न्यायला येतो, मजुरीही नेहमीपेक्षा जास्त देतो. रविवारी पाळकसाहेबांनी ‘दासांनो, धन्याच्या आज्ञेत राहा’ यावर उपदेश केला. आता तुम्ही विचारता, ख्रिस्ती माणसानं युनियनमध्ये जाणं पाप आहे का, आणि संप चालू असताना कामावर जाणं ही इमानदारी की गद्दारी. इथं गटातल्या निम्म्या सदस्यांनी तुम्हाला ‘प्रार्थना करा’ म्हणून सांगितलं, उरलेल्यांनी ‘लाल बावट्यापासून लांब राहा’. दोन्ही उत्तरं ट्रॅक्टर दारात उभा असताना फारशी कामाची नाहीत.

आधीच सांगून टाकतो, मी त्या ट्रॅक्टरमध्ये बसलेला माणूस आहे. तुमच्या नाही, चाळीसेक वर्षांपूर्वीच्या.

तेव्हा मी एका जिनात हेल्पर होतो. रेच्याची सुरी बसवणं, रोलरच्या चामड्याला चरे पाडणं, रात्री रुईला आग लागू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बसणं, हे माझं काम. बायांची मागणी साधी होती: मुकादमाच्या वहीत नाही, मस्टरवर, म्हणजे जिनाच्या हजेरीपटावर नाव पाहिजे. मस्टरवर नाव नाही म्हणजे फंड नाही, हात रेच्यात गेला तर औषधपाणी नाही, आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा बोलावतील याचा भरवसा नाही. संप झाला. पाचव्या दिवशी आमच्या वस्तीत ट्रॅक्टर आला. त्या वेळच्या पाळकांनी सांगितलं, काम म्हणजेच उपासना. आम्ही चौदा जण चढलो. मी तर जवळजवळ अभिमानानं चढलो. आपण मेहनती लोक, आपण दगडफेक करत नाही, असं काहीतरी डोक्यात होतं.

गेटवर बाया बसल्या होत्या. शिव्या खायची तयारी होती, त्या मिळाल्याही. पण एक मावशी, जी रोज माझ्या हाताखालच्या रेच्यावर कापूस लावायची, ती नुसतं म्हणाली, “भाऊ, माह्या रेच्यावर आज कोन बसन?” तिच्या रेच्यावर त्या दिवशी माझी मेहुणी बसली.

जास्तीची मजुरी सहा दिवस मिळाली. संप मिटला, काही बायांची नावं मस्टरवर चढली, आणि आमच्या चौदांपैकी एकाचंही चढलं नाही. होळीनंतर आम्हाला कोणी विचारलं नाही. मालकाच्या लेखी आम्ही मेहनती नव्हतो, स्वस्त होतो. गावात पुढची दोन वर्षं नाताळाच्या करंज्या घेऊन गेलो की शेजारची दारं उघडायची, ताट घ्यायची, आणि दिवाळीला ते ताट रिकामंच परत यायचं.

आता पवित्र शास्त्राकडे येतो, कारण तुमची खरी अडचण तिथं आहे.

कलस्सैकरांस पत्रात दासांना सांगितलंय, हे खरं. पण त्याच ओघात, चौथ्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात धन्यांनाही सांगितलंय की दासांशी न्यायानं आणि समतेनं वागा, तुम्हालाही स्वर्गात धनी आहे. अध्याय जिथं तुटतो तिथं उपदेश संपवायची आपल्याकडे सवय आहे. थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रातलं ‘काम करायची इच्छा नसेल त्यानं खाऊही नये’ हे वचनही संपाच्या दिवसांत फार ऐकायला मिळतं. ते काम करायची इच्छाच नसलेल्यांसाठी आहे. संपकऱ्याला काम हवंच असतं, म्हणून तर तो गेटवर बसतो, घरी झोपत नाही. आणि ते वचन अक्षरशः लावायचं तर आधी बारदान्यावर बसून नोटा मोजणाऱ्या काही लोकांची जेवणं बंद करावी लागतील.

याकोबाचं पत्र, पाचवा अध्याय, चौथं वचन मात्र मी जन्मात एकदाच व्यासपीठावरून ऐकलं. शेत कापणाऱ्या मजुरांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी जाते, असं तिथं आहे. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात तर वेळही ठरवून दिली आहे: गरिबाची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या. आपल्याकडे हप्ता बाजाराच्या दिवशी मिळतो, तोही मुकादमाचं काढून.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते निर्गमच्या पाचव्या अध्यायानं. वस्तीवर बसून तो एकदा मोठ्यानं वाचा. मोशे फारोकडे काय मागतो? तीन दिवसांची सुट्टी, उपासनेसाठी. फारो काय म्हणतो? तुम्ही आळशी आहात. मग विटांसाठीचा भुसा बंद करतो, वर विटांची संख्या तेवढीच ठेवतो. हे वाचलं की मला आमचा जिन दिसतो. त्याहून मोलाची गोष्ट पुढं आहे. विटा कमी पडल्या म्हणून मार कोणी खाल्ला? इस्राएली नायकांनी, म्हणजे आपल्या भाषेत मुकादमांनी. ते फारोकडे रडत गेले, तिथं पुन्हा आळशीच ठरले, आणि बाहेर येऊन चिडले कोणावर? मोशेवर. तुम्ही आम्हाला फारोपुढं वाईट केलं, म्हणाले. तुमच्या वस्तीत युनियनवाल्यांबद्दल आज जे बोललं जातं, ते बहुतेक हेच आहे. देवानं त्या मुकादमांना शिक्षा केली नाही, हेही ध्यानात ठेवा. ते दबलेले लोक होते.

द्राक्षमळ्याचा दाखला (मत्तय, विसावा अध्याय) मालक मंडळींना फार आवडतो: माझ्या पैशाचं मी काय वाटेल ते करीन. त्या मळेवाल्यानं ते वाक्य कमी देताना म्हटलेलं नाही. संध्याकाळी पाचला आलेल्यालाही दिवसाची पूर्ण मजुरी देताना म्हटलंय, कारण पोट अर्ध्या दिवसाचं नसतं.

युनियन म्हणजे नास्तिकांचा उद्योग, असं एका सदस्यानं लिहिलंय. त्यांनी टॉलपडल गावाची हकीकत वाचावी. इंग्लंडमधलं डॉर्सेट परगण्यातलं खेडं, शेतमजुरांचं. आठवड्याची मजुरी नऊ शिलिंगांवरून घसरत सातावर आली, आणखी एक शिलिंग कमी करायची भाषा सुरू झाली. मजुरांनी एकजूट केली, शपथ घेतली, आणि १८३४ मध्ये सहा जणांना त्या शपथेच्या निमित्तानं सात वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली, ऑस्ट्रेलियात. सहापैकी पाच मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचे होते, आणि त्यांचा पुढारी जॉर्ज लव्हलेस उपदेशक होता. लोकांनी इतका गहजब केला की १८३६ मध्ये सरकारला माफी द्यावी लागली. यवतमाळकडच्या मेथडिस्ट मंडळ्यांमध्ये ही गोष्ट का सांगत नाहीत, मला कळत नाही. कॅथलिक बंधूंना तर १८९१ पासून पोप तेरावे लिओ यांचं परिपत्रकच आहे: कामगारांना संघटना करायचा हक्क आहे, आणि काटकसरीनं राहणाऱ्या कामगाराचं भागेल इतकी तरी मजुरी हवी. मारहाण आणि नासधूस त्यांना अर्थातच मान्य नव्हती. ॲडव्हेंटिस्ट पंथाचे ख्रिस्ती मात्र युनियनपासून लांब राहतात. सद्सद्विवेक दुसऱ्याच्या हाती देणार नाही, ही त्यांची भूमिका. ती मला पटत नाही, पण त्यात प्रामाणिकपणा आहे. फक्त युनियनला सद्सद्विवेक न देणाऱ्यानं तो मुकादमालाही देऊ नये.

आपल्या भागाला हे नवीन नाही. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी तिथल्या विणकरांनी दरावरून काम थांबवल्याची नोंद आहे. देशातल्या अगदी सुरुवातीच्या संपांत तो मोजतात.

आता दुसरी बाजू, आणि ती मी मुद्दाम लांबवून सांगणार आहे, कारण युनियनवाले मित्र हे वाचतील.

आमच्या त्या संपाच्या आधी युनियनचा एक माणूस आमच्या वस्तीत आला नव्हता. बैठक व्हायची ती देवळाच्या पारावर. आम्हाला कोणी ‘येऊ नका’ म्हटलं नाही, पण आमच्या लोकांना त्या पारावर चढायची सवय नव्हती, आणि का नव्हती हे विदर्भातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. आपल्यापैकी बहुतेकांचे आजे-पणजे कुठल्या वाड्यातून आले, हे आपल्या आडनावांना ठाऊक आहे. डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या मुंबईच्या गिरणी संपात हाच प्रश्न विचारला होता. विणखात्यात मजुरी जास्त, पण तिथं अस्पृश्यांना घेत नसत, कारण धागा तोंडानं ओढावा लागे आणि त्यांच्या उष्ट्या धाग्याचा विटाळ मानत. ती बंदी उठवायची मागणी तुमच्या यादीत नसेल तर आमच्या लोकांनी उपाशी का बसावं? १९२९ च्या संपाला त्यांनी विरोधच केला. आणि तेच आंबेडकर ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या एक दिवसाच्या संपात कम्युनिस्टांच्या बरोबरीनं उभे राहिले, कारण ते विधेयक संप करायचा हक्कच आवळत होतं. या दोन्ही गोष्टी एका माणसानं केल्या. ज्याला पारावर जागा नाही त्याला संपफोड्या म्हणायच्या आधी युनियननं आरशात पाहावं, एवढं मी म्हणेन. आणि सायकली जाळू नयेत. आमच्या वेळी एका पोराची जाळली होती, ती उधारीवर घेतलेली होती.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. संघटना करायचा हक्क घटनेच्या एकोणिसाव्या कलमात आहे, नोंदणीला किमान सात सभासद लागतात. संप हा मूलभूत हक्क नाही, पण कायदेशीर संप असतो. पूर्वी केंद्राच्या कायद्यात आगाऊ नोटिशीची सक्ती सार्वजनिक सेवांपुरती होती. २०२० ची औद्योगिक संबंध संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली, तेव्हापासून सगळ्याच आस्थापनांत चौदा दिवसांची नोटीस लागते. म्हणून पहिल्यांदा विचारा, नोटीस दिली होती का. दिली असेल आणि संप बेकायदेशीर नसेल, तर त्या काळात नवी माणसं भरणं ही मालकाच्या बाजूची अनुचित कामगार प्रथा धरली जाते, जुन्या कायद्यातही आणि नव्यातही. तसंच तुम्हाला गेटवर अंगानं अडवणं ही युनियनच्या बाजूची अनुचित प्रथा. म्हणजे चढणाऱ्याला कोणी हात लावू शकत नाही, पण ट्रॅक्टर पाठवणारा स्वच्छ नाही. पाळकसाहेबांना ही दुसरी ओळ कोणीतरी सांगायला पाहिजे.

मग तुम्ही काय करावं? घरात दाणा नसेल आणि तुम्ही चढलात, तर मी तुम्हाला गद्दार म्हणणार नाही. मला तो हक्कच नाही. पण चढताना ‘भूक आहे म्हणून जातो’ असंच म्हणा. ‘शास्त्रात सांगितलंय म्हणून जातो’ म्हणू नका. मी तेव्हा तसं म्हटलं, आणि त्यातलं खोटं मला गेटवरच्या त्या एका वाक्यानं कळलं. भुकेनं गेलेला माणूस परत येऊन शेजाऱ्याशी बोलू शकतो. वचन हातात घेऊन गेलेल्याला ते जमत नाही, तो वाद घालत बसतो.

त्याच्याही आधी दोन दारं ठोठावून पाहा. एक युनियनचं. पारावर नाही, त्यांना तुमच्या वस्तीत बोलवा, चर्चच्या अंगणात सतरंजी टाका. आमच्या बायांची नावं तुमच्या मागण्यांत आहेत का, एवढंच विचारा. नसतील तर त्यांना ती घालावी लागतील, कारण ट्रॅक्टर रिकामा जाणं या घडीला त्यांना तुमच्याहून जास्त हवं आहे. दुसरं दार मंडळीचं, म्हणजे आपल्या चर्चचं. कापणीच्या सणाला ज्वारी, तूर, कोहळं येतं, लिलाव होतो, पैसा पंचांकडे जमा होतो. तो भिंतीच्या रंगाला जाण्याऐवजी पंधरा दिवस वस्तीतल्या चुली पेटत्या ठेवायला गेला, तर कोणाला चढायची वेळच येणार नाही. पंच नाही म्हणतील. विचारा तरीही, आणि सभेत विचारा, खासगीत नको.

शेवटी तुम्ही लिहिलंय की तुमच्या आईचं म्हणणं आहे, ‘आपल्याले संपाफिंपातलं काई समजत नाई.’ भाऊ, तुमची आई कापूस वेचायला जाते ना? मग तिला सगळं समजतं. दरवर्षी पहिल्या वेचणीच्या आधी बाया ओट्यावर बसून किलोचा भाव ठरवतात, आणि तो मिळाल्याशिवाय कोणाच्याच वावरात पाय ठेवत नाहीत. ना नोटीस, ना नोंदणी, ना झेंडा. त्या भावाखाली जी टोळी गुपचूप जाते तिचं नाव गावात काय पडतं, ते आईलाच विचारा. माझी आई एकदा याच कारणावरून सख्ख्या जावेशी अख्खा हंगाम बोलली नव्हती, आणि प्रभुभोजनाला दोघी एकाच सतरंजीवर बसायच्या.