लोकप्रिय सिनेमात भावनिक खोली सापडते का, की त्यासाठी इंडी (मोठ्या कंपन्यांशिवाय, स्वतंत्रपणे केलेलं) संगीतच ऐकावं?

प्रश्नात एक गृहीतक दडलंय: पैसा ओतला की भाव उथळ, आणि एकट्याने गिटार घेऊन गायलं की आपोआप अस्सल. मला ते पटत नाही.

पिक्सारचा २००९ चा ॲनिमेशनपट ‘अप’ घ्या. सुरुवातीच्या चारेक मिनिटांत कार्ल आणि एलीचा अख्खा संसार उलगडतो, तोही एका संवादाशिवाय. दूरच्या धबधब्याला जायचं म्हणून दोघं बरणीत पैसे साठवतात. गाडीचा टायर जातो, बरणी फुटते. पाय मोडतो, पुन्हा फुटते. घरावर झाड कोसळतं, पुन्हा तेच. एली नवऱ्याचा टाय बांधत राहते, टाय बदलत जातात आणि वर्षं सरल्याचं तेवढ्यावरून कळतं. संगीतकार मायकेल जियाकिनोची चाल मात्र तीच: आधी नाचरी, शेवटी नुसत्या पियानोवर संथ. (पुढे याच सिनेमात कुत्री विमानं उडवतात, तरी हे दुःख हलकं होत नाही.)

आता अमेरिकन इंडी गायक सुफ्यान स्टीव्हन्सचा २०१५ चा ‘कॅरी अँड लॉवेल’ हा अल्बम. त्याची आई २०१२ मध्ये गेली. पण ती तर त्याला लहानपणीच सोडून गेली होती, मग शोक नेमका कशाचा करायचा? हा गुंता तो सोडवत बसत नाही. ड्रम्स जवळपास नाहीतच, आवाज कुजबुजीइतका. एक गाणं तर हॉटेलच्या खोलीत आयफोनवर रेकॉर्ड केलेलं आहे, मागे एसीची घरघर तशीच.

दोघंही ‘आता रडा’ असं सांगत नाहीत, एवढंच मला महत्त्वाचं वाटतं. फसलेल्या सिनेमात व्हायोलिन आधी रडतं, पात्र नंतर. इंडीतही सोंगं कमी नाहीत. दबका आवाज, धूसर कव्हर, मूड छान जमतो, पण गाणं कोणाबद्दल आहे ते तीनदा ऐकूनही कळत नाही.

करून बघायचं असेल तर सिनेमातला भावुक प्रसंग एकदा आवाज बंद करून पाहा. नुसत्या चित्रातून काही पोचतंय का ते लगेच समजतं. इंडी अल्बम मात्र शफलवर न टाकता पहिल्यापासून सलग ऐका आणि गाण्यांचे शब्द नंतर वाचा. त्यात एखादी ठरावीक जागा, एखादं माणूस सापडलं, तर तो अल्बम पुन्हा ऐकण्यासारखा आहे.