पीएमपीच्या ३५ तासांसाठी ४५ हजार रुपये भरावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेकॅनिकल डिप्लोमा, बेळगावजवळ मच्छेच्या कारखान्यात सहा वर्षं नोकरी, खानापूरहून रोजची ये-जा. पीएमपी, म्हणजे पीएमआय या संस्थेचं प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सर्टिफिकेट, करायचंय. त्यासाठी लागणाऱ्या ३५ तासांच्या कोर्सचे पुण्यातल्या एका क्लासनं ४५ हजार सांगितलेत आणि आज रात्री बारापर्यंत भरले तर पाच हजार कमी. भरू का?

आज रात्री तर नकोच. जो आज ४० ला देतो तो पुढच्या महिन्यातही ४० लाच देतो, जमल्यास ३५ ला.

मी बेळगावच्या उद्यमबागेत एका फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) डेव्हलपमेंटला आहे. माझाही डिप्लोमाच, तोही मराठी माध्यमातून दहावी करून घेतलेला. पीएमपी झालो, पण त्याआधी अशाच एका क्लासमध्ये २८ हजार घालवले. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

क्लासचं नंतर बघू. आधी तुम्ही या परीक्षेला बसू शकता का ते बघा, कारण हे क्लासवाला विचारत नाही. चार वर्षांची डिग्री असेल तर प्रोजेक्ट चालवल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव लागतो, डिप्लोमावाल्याला ६०. सहा वर्षं म्हणजे ७२ महिने, झालं की, असं वाटेल. तसं नाही. मशीनशॉपला रोजचं प्रॉडक्शन काढणं यात धरत नाहीत. आमच्याकडचं उदाहरण देतो. महिनाभर तेच पंप बॉडीचे बॉक्स ओतत राहणं हा प्रोजेक्ट नव्हे. पण गिऱ्हाइकाकडून नवीन ड्रॉइंग आलं, पॅटर्न (साचा घ्यायचा नमुना) करून घेतला, कोअर बॉक्स दोनदा दुरुस्त केला, पहिल्या ट्रायलला ब्लोहोल (हवेची भोकं) आले, गेटिंग (साच्यात रस जायची वाट) बदललं, तिसऱ्या ट्रायलचं सँपल गिऱ्हाइकानं पास केलं, ते सगळं तुमच्या हाताखाली झालं, तर तो चोख प्रोजेक्ट. नवीन मशीन बसवणं, शेडचं स्थलांतर, लाइनचा लेआउट बदलणं हेही चालतं. आणि दोन कामं एकाच वेळी चालू होती म्हणून महिने दुप्पट होत नाहीत. जानेवारी ते जून दोन कास्टिंगं विकसित केलीत तरी सहाच महिने.

मी एका रविवारी जुन्या डायऱ्या काढून बसलो. मला वाटलं होतं ८० महिने तरी निघतील. निघाले ६३. जेमतेम वाचलो. तुम्हीही आधी हा हिशेब करा. वही आणि पेन, खर्च शून्य.

आता ते ३५ तास. अर्जाला प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं ३५ तासांचं शिक्षण झाल्याचा दाखला लागतो. घरी पुस्तक वाचलं किंवा यूट्यूब बघितलं तर तो मिळत नाही. पण तो अमुकच क्लासचा हवा असंही नाही. पीएमआयचे अधिकृत ट्रेनिंग पार्टनर असतात, ते महाग असतात आणि त्यांचं साहित्य पीएमआयचंच असतं. त्यांच्याशिवाय कॉलेजचा कोर्स चालतो, कंपनीनं घेतलेलं ट्रेनिंग चालतं, शेवटी चाचणी असलेला ऑनलाइन कोर्सही चालतो. थोडक्यात, ४५ हजारांचा दाखला आणि पाचशेचा दाखला अर्जाच्या त्या एका चौकटीत सारखेच बसतात.

मी दुसऱ्यांदा शहाणा होऊन यूडेमी या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर सेल लागला तेव्हा ५०० च्या आतबाहेर कोर्स घेतला. लाल बसमध्ये कानात घालून अर्धा ऐकला, उरलेला रात्री. त्याआधी पाया म्हणून एनपीटीईएलवरचा (आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सची साइट) आयआयटी रुरकीचा ‘प्रोजेक्ट मॅनेजमेंट फॉर मॅनेजर्स’ बघितला होता. तो बघायला फुकट आहे. नेटवर्क डायग्राम आणि क्रिटिकल पाथ (ज्या कामांना उशीर झाला की सगळा प्रोजेक्ट लांबतो ती साखळी) मला तिथंच कळला. डिप्लोमाला फक्त पाठ केला होता.

२८ हजारांच्या क्लासात काय झालं? नाव सांगत नाही, तुमच्यावाला तोच असेल असंही नाही. चार शनिवार-रविवार, पडद्यावर स्लाइड, सर ती वाचणार, आम्ही मोबाइलवर फोटो काढणार. बॅचला चाळीस जण. मी विचारलं, “सर, आमच्याकडं वेगळा प्लॅनिंगवाला नसतोच, मग स्लाइडवरचं हे रजिस्टर कोण भरणार?” सर म्हणाले, “परीक्षेत तसं येत नाही.” जाहिरातीत ‘पास गॅरंटी’ होती. पावतीच्या मागच्या बारीक अक्षरात गॅरंटीचा अर्थ होता: सगळे तास हजर, त्यांच्या सगळ्या चाचण्यांत ८० टक्के, आणि वर्षभरात तिन्ही वेळा नापास झालात तर पैसे परत नव्हे, पुन्हा त्याच बॅचला बसायची मुभा. मी पहिल्यांदा नापास झालो आणि पुढचं ऐकायला गेलोच नाही.

नापास झालो त्याचं कारण मात्र क्लास एकटा नव्हे. मी पीएमबॉक गाइड या पीएमआयच्या पुस्तकाच्या २०१७ च्या सहाव्या आवृत्तीतल्या ४९ प्रक्रिया, त्यांचे इनपुट-आउटपुट असं सगळं घोकत बसलो होतो. जानेवारी २०२१ पासून परीक्षाच बदलली होती. निम्म्याच्या आसपास प्रश्न अजाइल (काम छोट्या टप्प्यांत करत, बदलत जाणं) आणि हायब्रिड (जुनी आणि अजाइल मिसळून) पद्धतीवरचे, आणि बहुतेक सगळे प्रसंगाचे. म्हणून कोणी सीनियरनं जुन्या नोट्स दिल्या तर चहा पाजा, नोट्स ठेवून घेऊ नका. पीएमआयच्या साइटवर परीक्षेचा आराखडा फुकट उतरवता येतो. तो मध्ये मध्ये बदलतो. ताजा काढा आणि कोर्स त्याप्रमाणे आहे का ते तपासूनच पैसे द्या.

प्रसंगाचे म्हणजे कसे? समजा, पॅटर्नवाल्याचा निरोप आला की दहा दिवस उशीर होणार. प्रोजेक्ट मॅनेजरनं आधी काय करावं? एक, स्पॉन्सरला (प्रोजेक्टला पैसा आणि पाठबळ देणारा, आपल्याकडं मालक) कळवावं. दोन, दुसरा पॅटर्नवाला शोधावा. तीन, वेळापत्रकावर काय परिणाम होतो ते बघावं. चार, गिऱ्हाइकाकडं मुदत मागावी. मी डोळे झाकून ‘एक’ मारायचो. आपल्याकडं काहीही बिघडलं की पहिला फोन मालकांना, सवयच ती! परीक्षेला उत्तर ‘तीन’ हवं असतं. आधी स्वतः बघ, मोज, मग बोल. ही एक खोड मोडायला मला दोन महिने लागले. आणि ती स्लाइडनं मोडत नाही, प्रश्न सोडवून मोडते.

तेव्हा पैसे घालायचेच तर सरावाच्या प्रश्नांवर घाला. पीएमआयचा स्वतःचा स्टडी हॉल हा ऑनलाइन सराव आहे, विकतचा आहे, पण प्रश्न खऱ्या परीक्षेच्या वळणाचे. मी रोज पहाटे वीस प्रश्न सोडवायचो आणि चुकलेल्यांसमोर का चुकलं ते मराठीत लिहायचो. ‘मालकाला फोन केला’ असा शेरा त्या वहीत निदान साठ वेळा आहे.

इंग्रजीची भीती लिहिलीत. परीक्षा मराठीत नाही, कानडीतही नाही. पण भाषा कादंबरीची नसते, पन्नास-साठ शब्द पुन्हा पुन्हा येतात. खरी अडचण वेगाची. मी दिली तेव्हा १८० प्रश्न आणि २३० मिनिटं होती, मध्ये दहा-दहा मिनिटांच्या दोन सुट्ट्या. सलग चार तास इंग्रजी वाचायची सवय आपल्याला नसते. शेवटच्या महिन्यात दर रविवारी पूर्ण पेपर सोडवलात तरच ती होते.

घरून परीक्षा देता येते, पण कॅमेऱ्यासमोर, रिकाम्या खोलीत, मध्ये कुणी आत आलं तर संपलं. आमच्या गल्लीत वीज कधी जाईल याचा नेम नाही आणि आई दार ढकलून चहा घेऊन येणारच. म्हणून मी रात्रीची बस धरून पुण्याच्या सेंटरवर दिली. जाणं-येणं धरूनही क्लासच्या फीपेक्षा कितीतरी स्वस्त.

फीबद्दल एकच: आधी पीएमआयचे सभासद व्हा, मग परीक्षेचे पैसे भरा. सभासदाला फी कमी पडते आणि पीएमबॉक गाइडची पीडीएफ फुकट मिळते. उलट क्रमानं केलंत तर सवलत गेली. अर्ज तपासणीसाठी निवडला जाऊ शकतो, मग जुन्या साहेबांच्या सह्या लागतात. ज्यांच्याशी भांडून नोकरी सोडलीत त्यांच्याशी आत्ताच गोड व्हा. पास झाल्यावर दर तीन वर्षांनी ६० पीडीयू (पुढच्या शिक्षणाचे आणि कामाचे गुण) जमवून ते चालू ठेवावं लागतं, हेही कुणी आधी सांगत नाही.

तुमचे ६० महिने भरत नसतील तर पीएमआयचंच खालच्या पायरीचं सर्टिफिकेट, सीएपीएम, बघा. त्याला अनुभव लागत नाही, २३ तासांचं शिक्षण पुरतं. मात्र उद्यमबाग-मच्छेच्या मालकांना दोन्हींतला फरक विचारू नका. माझ्या मालकांनी सर्टिफिकेट बघून “छान, फ्रेम करून लाव” एवढंच म्हटलं, पगार वाढला नाही. उपयोग झाला तो वर्षभरानं, एका परदेशी गिऱ्हाइकाच्या कामासाठी माणूस निवडताना माझं नाव पुढं आलं तेव्हा. तुम्हाला पुणे, बंगळूर किंवा आखाताकडं जायचं असेल तर ते जास्त कामाला येईल.

महिन्यांचा हिशेब मांडलात की एका प्रोजेक्टचं वर्णन कंपनीचं नाव गाळून इथंच खाली टाका. अर्जात ते कसं बसवायचं ते मी बघून सांगतो.