25 हजारांत जुन्या हायब्रिड सायकलचं काय करता येईल

प्रश्न मला समजला तो असा: 2014 ची ॲल्युमिनियम फ्रेमची हायब्रिड, पुढे 48-38-28 दात्यांच्या तीन तबकड्या, मागे सात गिअरचं 14-28, रिमला दाबणारे व्ही-ब्रेक, 700x35 चे (म्हणजे 35 मिलिमीटर रुंद) टायर. साताऱ्यातले सोबती एकेक करून ग्रॅव्हल बाइकवर (कच्च्या रस्त्यालाही चालणाऱ्या, रुंद टायरच्या सायकलवर) गेले. यवतेश्वरच्या घाटात आणि पुढे कच्च्या रस्त्यावर तुम्ही मागे राहता. बजेट 25 हजार. वन-बाय (पुढे एकच तबकडी), डिस्क ब्रेक, ट्यूबलेस टायर, खाली वळलेलं ड्रॉप हँडल यांतलं काय बसवू?

यांतलं एकही नको. पण म्हणून सायकल आहे तशीच ठेवा असंही नाही.

वन-बायचा मोह आधी काढून टाकतो, कारण त्यात मी स्वतः तोंडघशी पडलोय. तिहेरी क्रँक काढून पुढे एकच 38 दात्यांची चेनरिंग टाकली, मागे तुमच्यासारखंच 14-28. सायकल दिसायला झकास! आठवड्याने पुण्याजवळच्या बोपदेव घाटात अर्ध्यावर उतरून ढकलत नेली. हिशोब साधा होता, पण केला कोणी? 28 ला 28 म्हणजे पायडलच्या एका फेरीत चाकाचीही एकच फेरी. 38 ला 28 केलं की तीच 1.36 होते, म्हणजे चढाला प्रत्येक फेरीत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जोर. मागे 11-34 टाकलं तरी 1.12, म्हणजे तुमच्या आजच्या सर्वांत हलक्या गिअरपेक्षा जडच. वन-बायवाल्यांच्या मागे 42 किंवा त्याहून मोठी तबकडी असते म्हणून त्यांचं निभतं. ती तुमच्या चाकावर चढत नाही, कारण तुमच्याकडे आट्यावर फिरवून बसवायचं फ्रीव्हील (मागचा गिअरसंच) आहे, हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) सरकवून बसवायची कॅसेट नाही. कॅसेट हवी तर हब बदला, हब बदलला की चाक नव्याने विणा, मग शिफ्टर, मग डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा). निम्म्याहून जास्त पैसे तिथेच जातील आणि चढ आहे तिथेच राहील.

त्याऐवजी 14-34 चं सात गिअरचं फ्रीव्हील घ्या, पुढची तिहेरी क्रँक तशीच राहू द्या. 28 ला 34 म्हणजे 0.82. यवतेश्वरला बसून चढाल. तुमच्या मागच्या डिरेलरला 34 दाते झेपतात का ते मात्र दुकानात आधी विचारा; लांब पिंजऱ्याच्या बहुतेक शिमानो टर्नी डिरेलरना झेपतात. चेन नवीच घ्या, जुनीपेक्षा एखाददोन कड्या जास्त लागतील. सध्याची चेन किती ताणली आहे ते बघायचं असेल तर फूटपट्टी लावा: पिनपासून पिनपर्यंत बरोबर 12 इंच भरायला हवी. एक सोळांश इंच जास्त भरली तर चेन संपली. त्याहून बरीच जास्त भरली तर तिने पुढच्या चेनरिंगचे दातेही खाल्ले असतील, आणि नवी चेन त्यावर घसरेल.

आता टायर. नव्या चालीतली खरोखर कामाची गोष्ट हीच. शर्यतीवालेसुद्धा 23 मिलिमीटरवरून 28-30 वर आले, कारण खडबडीत रस्त्यावर कडक टायर उसळतो आणि तुमची ताकद त्या उसळण्यात जाते. तुमच्या फ्रेममध्ये किती जागा आहे ते बघायला शिशाची पेन्सिल घ्या. टायर आणि फ्रेम यांच्यामधून दोन्ही बाजूंनी ती सहज गेली, तर 38 चा टायर बहुधा बसेल. मागे ब्रेकजवळची आणि बी.बी.च्या (क्रँकचा आस फिरतो त्या बॉटम ब्रॅकेटच्या) वरची जागा नक्की बघा, अडतं ते तिथेच. मडगार्ड असतील तर पेन्सिल मडगार्डखालून घाला. वजन सत्तरेक किलो असेल तर 45-50 पीएसआयपासून सुरुवात करा. टायरवर छापलेली कमाल मर्यादा ही रोज भरायची हवा नव्हे, हे आपल्याकडच्या पंपवाल्याला काही केल्या पटत नाही.

ट्यूबलेससाठी रिमच्या आत टायरची कड अडवणारा उंचवटा लागतो. जुन्या रिमला तो नसतो, वळणावर हवा फुसकन सुटू शकते. बाभळीच्या काट्यांचा त्रास असेल तर व्हॉल्व्हचा गाभा निघणाऱ्या ट्यूबमध्ये सीलंट (भोक बुजवणारा द्रव) भरा. आपल्या उन्हाळ्यात ते लवकर सुकतं, दोनतीन महिन्यांनी पुन्हा घालावं लागतं.

डिस्क ब्रेकचा आधार फ्रेमवर वेल्ड करून घेण्याबद्दल तुम्ही लिहिलंय, “वेल्डिंगवाला ओळखीचा आहे.” कृपया नको. ॲल्युमिनियमची फ्रेम वेल्ड केली की तिथला धातू मऊ पडतो, कारखान्यात त्यानंतर तिला पुन्हा उष्णतेची प्रक्रिया देतात. गॅरेजमध्ये ते होत नाही, आणि जोड तुटेल तो उतारावरच. व्ही-ब्रेक नीट असेल तर कासचा उतारही सांभाळतो. चांगले पॅड, नवी केबल, नवं आवरण, एवढंच करा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा पॅडमध्ये रुतलेले धातूचे कण दाभणाने काढा, नाहीतर ते रिम खरवडतात. रिमची बाजू बोटाला आत वाकलेली लागली तर मात्र चाकच बदला, आणि तेव्हा कॅसेटचा हब घ्या. पुढच्या बदलांची दारं मग आपोआप उघडतील.

ड्रॉप हँडलवर वेळ घालवत नाही. सपाट हँडलची फ्रेम पुढे लांब असते, ड्रॉप लावलं की तुम्ही ताणले जाल. शिवाय त्याचे ब्रेक लिव्हर केबल कमी ओढतात, व्ही-ब्रेक धड लागणार नाही. मनगटं दुखत असतील तर हँडलच्या टोकांना शिंगं लावा. जुनाट दिसतात, दिसू द्या.

आणि हे सगळं करण्याआधी एकदा पूर्ण ओव्हरऑइलिंग. दोन्ही हबचे छर्रे आणि बी.बी. उघडून बघायला सांगा, इतक्या वर्षांत तिथे कोणी हात लावला नसेल. सगळं मिळून निम्म्या बजेटातही आटोपेल. उरलेले पैसे ठेवा, ग्रॅव्हल बाइक घ्यायची झालीच तर त्यात घाला.

फ्रेमला कुठे तडा आहे का ते आधी पुसून बघा, खास करून सीटखाली आणि हँडलच्या नळीजवळ. मागच्या ब्रेकजवळ पेन्सिल घालून काढलेला एक फोटो आणि मागच्या डिरेलरवरचा नंबर पाठवा, म्हणजे 38 चा टायर घ्यायचा की 35 वरच थांबायचं ते सांगतो.