मुलगा समुपदेशनाला यायलाच तयार नसेल तर

‘मुलगा काहीही ऐकत नाही, उलट उत्तरे देतो, शाळेतून सारख्या तक्रारी येतात आणि समुपदेशकाकडे चल म्हटले की “मी काय वेडा आहे का?” म्हणून अंगावर येतो, मग मदत घ्यायची तरी कशी?’ पौगंडावस्थेतील मुलांचे पालक हा प्रश्न मला वारंवार विचारतात. माझे उत्तर असे की, मूल येत नसेल तर पालकांनी यावे, आणि ते येईल याची वाट पाहत बसू नये.

नववीतल्या एका मुलाचे आईवडील (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) माझ्याकडे आले, तेव्हा त्याला वसतिगृहात ठेवायचे असे त्यांनी जवळपास ठरवलेच होते. सुरुवातीच्या बैठका तुम्हा दोघांसोबतच होतील असे मी सांगितल्यावर वडील दुखावले. “बिघडलाय तो, आणि बसायचं आम्ही?” असे ते म्हणाले. मी त्यांना आदल्या संध्याकाळी घरात काय घडले, ते क्रमाने सांगायला सांगितले.

आईने अभ्यासाला बस म्हणून चार-पाच वेळा सांगितले, तरी त्याने मोबाइलमधून मान वर केली नाही. वडील घरी आल्यावर ओरडले आणि त्यांनी मोबाइल हिसकावून घेतला. मुलाने ताट भिरकावले आणि तो उपाशीच खोलीत जाऊन बसला. रात्री पोरगे उपाशी झोपू नये म्हणून आईने मोबाइल परत दिला, तेव्हा कुठे तो जेवला. म्हणजे आकांडतांडव केले की हवे ते मिळते हे मुलगा शिकला, आवाज चढवला की घर निदान घटकाभर गप्प होते हे वडील शिकले आणि नमते घेतले की वाद मिटतो हे आई शिकली. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी अशा चक्राचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि मुलांच्या आक्रमक वर्तनावर पालकांना प्रशिक्षण देण्याची पद्धत त्यातून विकसित झाली. यात पालकांना दोषी ठरवलेले नाही. चक्र थांबवण्याची अधिक ताकद मोठ्यांच्या हाती असते, एवढेच त्यात गृहीत आहे.

आम्ही नियम दोनच ठेवले. सूचना एकदाच आणि जवळ जाऊन द्यायची, आणि आधी सांगितलेला परिणाम, म्हणजे दुसऱ्या दिवशी मोबाइल न मिळणे, कितीही आरडाओरडा झाला तरी मागे घ्यायचा नाही. त्याच्याशी अभ्यास सोडून इतर काही बोलण्यासाठी वडिलांनी रोज थोडा वेळ काढायचा, हेही ठरले. अशा वेळी पहिले काही दिवस वर्तन आणखी बिघडते, हे पालकांना आधीच सांगावे लागते, नाहीतर ते नेमके तिथेच हार मानतात.

शाळेतल्या तक्रारी वाचताना मात्र वेगळेच काही लक्षात आले. वाद बहुतेक भाषेच्या तासांना होत होते आणि बऱ्याचदा त्याला मोठ्याने वाचायला सांगितल्यावर होत होते. वर्गासमोर अडखळण्यापेक्षा उद्धटपणा करून वर्गाबाहेर उभे राहणे त्याला सोपे वाटत होते. चाचण्यांमध्ये अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखनासारख्या गोष्टी जड जाणे, निघाली. ‘तुला सुधारायचे आहे’ ऐवजी ‘तुला वाचायला इतका त्रास का होतो ते पाहू’ असे म्हटल्यावर तो स्वतःहून आला, हे मला फार महत्त्वाचे वाटते. प्रमाणित अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना दहावीच्या परीक्षेत जादा वेळ आणि इतर सवलती मिळतात, हे त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते.

प्रत्येक हट्टी मुलामागे हेच कारण असते असे नाही. अतिचंचलता, व्यसन, छळ किंवा नैराश्यही असू शकते. या वयातले नैराश्य रडण्यापेक्षा चिडचिडीतून अधिक दिसते. टोकाचे विरोधी वर्तन किमान 6 महिने टिकले, तरच ‘ऑपोझिशनल डिफायंट डिसऑर्डर’ या निदानाचा विचार होतो, आणि ते निदान तज्ज्ञानेच करायचे असते. त्यासाठी सरकारी किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील मानसोपचार विभागात जाता येते. खासगी चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे जात असाल, तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हे निःसंकोच विचारावे. एका शिबिरात मूल सरळ करून देण्याची हमी देणाऱ्यांपासून दूर राहावे.

मूल जीव देण्याची भाषा करत असेल, स्वतःला इजा करत असेल किंवा घरात कोणावर हात उगारत असेल, तर बैठकीच्या तारखेसाठी थांबू नये. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते, मराठीतही बोलता येते, आणि तो फोन पालकांनी केला तरी चालतो. जिवाला तातडीचा धोका असेल, तर मुलाला एकटे न सोडता सरळ जवळचे रुग्णालय गाठावे.