ठराव मांडण्यापूर्वी

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. नव्या बोअरवर बंदी घालण्याचा ठराव ग्रामसभेपुढे नेण्याआधी तू मसुदा मला पाठवलास, हे बरे केलेस. मात्र विरोध करणाऱ्या शेतकऱ्याला तू ‘स्वार्थी’ म्हटले आहेस, तो शब्द मला खटकला. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने जमीनमालकाला आपल्या हद्दीत जमिनीखालचे पाणी काढण्याचा जो हक्क मान्य केला, तोच तो सांगतो आहे.

अडचण खडकात आहे. आपल्या काळ्या पाषाणात पाणी साठते ते भेगांत आणि सांध्यांत, आणि त्या भेगा सातबारा पाहून थांबत नाहीत. त्यामुळे एकाची बोअर खोल गेली की शेजाऱ्याची विहीर उन्हाळ्याआधीच तळ दाखवू शकते. म्हणजे एकीकडे व्यक्ती आणि दुसरीकडे गाव, अशी ही फाळणी नाहीच. विहीर आटलेला शेजारीही व्यक्तीच आहे. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर खोदण्यास महाराष्ट्राच्या १९९३ च्या भूजल कायद्याने मनाई केली, ती याच कारणाने.

१९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला, त्याचे नियम तू नीट अभ्यासावेस असे मला वाटते. पाणी जमिनीच्या प्रमाणात द्यायचे नाही, माणशी अर्ध्या एकरापुरते द्यायचे. ऊस लावायचा नाही. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा असेल आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. यात मोठ्या शेतकऱ्याचे नुकसान होते, हे लपवण्यात अर्थ नाही; परंतु त्याच्याकडून जे काढून घेतले जाते ते सर्वांना लागू असलेल्या मापानेच घेतले जाते, आणि त्याच मापाने त्याचा वाटाही शाबूत राहतो. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर बंद केल्या, पण त्याच्या जोडीला पाणी अडवण्याची कामे केली आणि दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली. (तिथे सहल काढून केवळ बंदी तेवढी उतरवून आणणारी मंडळी मी पुष्कळ पाहिली.)

आता तुझ्या मसुद्याकडे ये. त्यात नव्या बोअरला बंदी आहे, जुन्या बोअरच्या उपशाला मात्र कोणतीही मर्यादा नाही; आणि तुमच्या घरच्या दोन्ही बोअर जुन्या आहेत. ज्याने बोअरसाठी उशिरा कर्ज काढले त्यानेच तेवढा त्याग करायचा, असा याचा अर्थ होतो, आणि तो त्या शेतकऱ्याच्या लक्षात आलेला असणारच. पहिले कलम सर्वांच्या उपशाचे कर, बंदी त्यानंतर येऊ दे. आणि मसुदा घेऊन आधी त्याच्या ओसरीवर जाऊन बस, कर्जाचे हप्ते किती उरले आहेत ते विचार.

ग्रामसभेची तारीख ठरली की कळव. मी येईन, मागे बसेन. बोलायचे तुलाच आहे.

तुझा हितचिंतक