शेतातला काळा, जड दगड चुंबकाला चिकटतो. तो उल्कापाषाण असेल का? आणि हे दगड अंटार्क्टिकातच इतके कसे सापडतात?

चुंबकावरून काही ठरत नाही. मराठवाड्यात जवळपास सगळीकडे बेसाल्ट, म्हणजे काळा पाषाण, त्यात मॅग्नेटाइट हे चुंबकाला चिकटणारं लोहखनिज असतंच. दगडात बुडबुड्यांची भोकं असतील तर नाद सोडा. उल्कापाषाणावर मिलिमीटरहून पातळ काळी, जळकी साल असते. कोपरा पॉलिश पेपरवर घासला की बहुतेकांत धातूचे चकचकीत ठिपके दिसतात. आणि चुंबक परत लावू नका, खरा निघालाच तर त्यातली मूळ चुंबकीय नोंद पुसली जाते.

उल्का बीडलाही पडतात, पण काळ्या रानात काळा दगड ओळखणार कोण? अंटार्क्टिकात वाहता बर्फ पोटातले दगड घेऊन सरकतो, डोंगराला अडून वर येतो. वारा आणि ऊन त्याचा थर दरवर्षी काही सेंटिमीटर खातात. दगड निळ्या बर्फावर उरतात. १९६९ मध्ये जपानी पथकाला यामातो डोंगरांपाशी ९ सापडले, तेही वेगवेगळ्या प्रकारचे, म्हणजे एकाच उल्केचे तुकडे नव्हेत.

तिथे संशोधक दगड उचलताना हात लावत नाहीत. क्रमांक, फोटो, जीपीएस, स्वच्छ पिशवी, आणि गोठलेलाच प्रयोगशाळेत. वाटेत बर्फ वितळला तर पाणी आत मुरतं, लोखंड गंजतं. म्हणून दगडावरचा बर्फ कोरड्या नायट्रोजन वायूमध्येच वितळवतात.