रक्त पातळ करायची गोळी आणि बाळाचं नाक

प्रश्न: माझ्या बहिणीचा हार्टचा व्हॉल्व्ह बदललाय, मेटलचा बसवलाय, तेव्हापासून ती रक्त पातळ करायची असिट्रॉम गोळी घेते. आता पाळी ८ दिवस चुकलीये आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली. सासूबाई म्हणतात गोळीने बाळ नकटं होतं, आजच बंद कर. काय करावं?

उत्तर: ताई, पहिलं सांगते, गोळी मनाने बंद करू देऊ नका! मेटलच्या व्हॉल्व्हवर गुठळी झाली तर आईच्याच जिवावर बेततं, मग बाळाचं काय. पण सासूबाई अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत, असिट्रॉम काय किंवा तशीच दुसरी गोळी वॉर्फरिन काय, दोन्ही वारेतून बाळापर्यंत पोचतात आणि व्हिटॅमिन के चं काम अडवतात. कूर्चेत कॅल्शियम अवेळी साठू नये म्हणून एक प्रोटीन असतं ना, त्याला हेच व्हिटॅमिन लागतं, ते नसलं की नाकाच्या कूर्चेत कॅल्शियम लवकर बसतं आणि नाकाची वाढ खुंटते. नाक चपटं, मधे बसलेलं, नाकपुड्या अरुंद. दिसण्याचं सोडा हो, तान्हं बाळ नाकानेच श्वास घेतं, त्यामुळे दूध पिताना धाप लागते, ही खरी काळजी. काही बाळांच्या एक्स-रेमधे हाडांच्या टोकांना पांढरे ठिपके पण दिसतात.

हा धोका मुख्यतः ६ ते १२ आठवड्यात, शेवटच्या पाळीपासून मोजून. बहिणीची पाळी वेळेवर येत असेल तर आत्ता साधारण पाच आठवडे झालेत, म्हणजे वेळ हातात आहे पण थोडाच, म्हणून आजच कार्डिओलॉजिस्टना फोन करा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. ते बहुतेक हेपरिनची, म्हणजे रक्त पातळ करायचीच, इंजेक्शनं सुचवतील, त्याचा रेणू मोठा असतो, वार ओलांडत नाही. पण मेटलच्या व्हॉल्व्हला हेपरिन गोळीइतकं भरवशाचं नाही, म्हणून डोस रक्त तपासून बसवावा लागतो. रोजचा डोस कमी असेल, असिट्रॉम २ मिलिग्रॅमच्या आत किंवा वॉर्फरिन ५ पर्यंत, तर बाळाला धोका बराच कमी असतो आणि काही डॉक्टर गोळीच चालू ठेवतात, तेही बरोबरच आहे.

१२ आठवड्यांनंतर बऱ्याचदा परत गोळी, आणि ३६ च्या सुमारास पुन्हा हेपरिन, कारण बाळाचंही रक्त पातळ झालेलं असताना डिलिव्हरी झाली तर त्याच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत नाक नीट बघायला आवर्जून सांगा.

आणि इकोस्प्रिन ७५ (अ‍ॅस्पिरिन) घेणाऱ्या बायकांनी हे वाचून घाबरू नका, ती वेगळी गोळी, तिने नाकाचा हा त्रास होत नाही.

जाताना ऑपरेशनची फाइल, व्हॉल्व्हचं कार्ड आणि आयएनआरचे (रक्त किती पातळ आहे त्या तपासणीचे) जुने रिपोर्ट सगळं सोबत न्या.